पहिल्या अणुवीज केंद्राची तयारी : आधी करार की आधी नियामक?

कुतूहल

ज्या देशात आजवर एकही अणुवीज केंद्र नाही, त्याने पहिले केंद्र उभारायचे ठरवले तर सुरुवात कोठून करावी, या प्रश्नावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. विषय आज निकडीचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगाची अणुवीज क्षमता तिप्पट करण्याच्या घोषणेला पाठिंबा दिला, आणि जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अणुप्रकल्पांना अर्थसाहाय्य न करण्याचे आपले जुने धोरण सोडले. त्यामुळे येत्या काळात अनेक नवे देश या वाटेला लागतील. अशा वेळी सार्वजनिक चर्चा बहुधा अणुभट्टी कोणत्या देशाची घ्यावी, किती मेगावॅटची घ्यावी, कर्ज कोण देईल, या प्रश्नांभोवतीच फिरत राहते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते पहिले प्रश्न नव्हेत.

माझे म्हणणे असे आहे की, तयारीत कोणकोणती कामे येतात याबद्दल फारसा मतभेद नाही. घोटाळा होतो तो त्यांच्या क्रमात. पुरवठादाराशी करार होण्यापूर्वी दोन संस्था स्वतःच्या पायांवर उभ्या असायला हव्यात. एक म्हणजे स्वतंत्र नियामक, आणि दुसरी म्हणजे आपण नेमके काय विकत घेत आहोत हे समजण्याइतकी जाणकार मालक-कंपनी. या दोन्ही नसताना करार झाला, तर पुढचे निर्णय कागदोपत्री देशाचे असले तरी प्रत्यक्षात ते पुरवठादारच घेतो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ साली नव्या देशांसाठी एक मार्गदर्शक आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढे तो वेळोवेळी सुधारला. त्यात पायाभूत तयारीचे १९ विषय मांडले आहेत. राष्ट्रीय भूमिका, सुरक्षितता, कायदा, नियमन, अर्थव्यवस्था, वीजजाळे, मनुष्यबळ, जागा, पर्यावरण, आपत्कालीन नियोजन, इंधनचक्र, किरणोत्सारी कचरा, देशी उद्योगांचा सहभाग, खरेदी, लोकांशी संवाद, असा त्याचा पसारा आहे. तयारीचे तीन टप्पे आहेत. पहिल्याच्या अखेरीस देश जाणतेपणाने निर्णय घेण्याच्या स्थितीत यावा, दुसऱ्याच्या अखेरीस निविदा मागवण्याच्या किंवा करार करण्याच्या, आणि तिसऱ्याच्या अखेरीस केंद्र सुरू करून चालवण्याच्या. पहिल्या गंभीर विचारापासून प्रत्यक्ष वीज मिळेपर्यंत १० ते १५ वर्षे जातात असे हा आराखडा धरून चालतो. उभारणी, साठेक वर्षांचे संचालन, त्यानंतरची मोडणी आणि कचऱ्याची व्यवस्था असे सगळे धरले, तर ही जबाबदारी सुमारे शंभर वर्षांची होते. म्हणजे आज निर्णय घेणाऱ्यांपैकी एकही जण तिचा शेवट पाहणार नाही, आणि म्हणूनच ती व्यक्तींवर न सोपवता संस्थांवर सोपवावी लागते.

नियामकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा पुस्तकी वाटू शकतो, म्हणून जपानचे उदाहरण देतो. ज्या मंत्रालयाकडे अणुवीज वाढवण्याची जबाबदारी होती, त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली तेथील अणुसुरक्षा यंत्रणा काम करत असे. मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये सरकार, नियामक आणि वीजकंपनी यांच्या संगनमतावर स्पष्ट बोट ठेवले आणि ही दुर्घटना मानवनिर्मित असल्याचे म्हटले. त्याच वर्षी सप्टेंबरात नवे, स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापन झाले. अणुविज्ञानात इतका मुरलेला देश जर येथे चुकत असेल, तर नवख्या देशाने हा धडा पहिल्याच दिवशी गिरवायला हवा.

आता क्रमाची दोन उदाहरणे. संयुक्त अरब अमिरातीने एप्रिल २००८ मध्ये आपले धोरण जाहीर केले. युरेनियमचे समृद्धीकरण किंवा वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया आपण करणार नाही, असे त्यात आधीच सांगून टाकले होते. २००९ मध्ये कायदा झाला, त्याखाली नियामक स्थापन झाला आणि डिसेंबर २००९ मध्ये दक्षिण कोरियाच्या कंपनीसमूहाची निवड झाली. नियामकाचे पहिले महासंचालक अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात वरिष्ठ पदावर काम केलेले विल्यम ट्रॅव्हर्स होते, आणि आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळाचे अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे माजी प्रमुख हान्स ब्लिक्स यांच्याकडे होते. बांधकामाचा परवाना जुलै २०१२ मध्ये मिळाला. तुर्कस्तानात क्रम वेगळा झाला. अक्कुयू येथील केंद्रासाठी रशियाशी करार २०१० मध्ये झाला आणि मुख्य बांधकाम एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाले, पण स्वतंत्र नियामक संस्था स्थापन झाली ती जुलै २०१८ मध्ये. तोवर परवाने देण्याचे काम संशोधनही करणाऱ्या जुन्या अणुऊर्जा संस्थेकडेच होते.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो रुक्ष असला तरी त्याला वेळ फार लागतो. नियामकाला परवाना देण्याचा, अट घालण्याचा, तपासणी करण्याचा आणि काम थांबवण्याचा अधिकार थेट कायद्याने हवा. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी दोष सिद्ध करण्याची वाट न पाहता संचालकावर यावी, अशी १९६३ च्या व्हिएन्ना कराराची रीत आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करारानुसार अणुसाहित्याच्या तपासणीचा करार आणि त्याला जोडलेला, अधिक सखोल तपासणीची मुभा देणारा अतिरिक्त मसुदा, १९८६ चे अपघाताची तातडीने सूचना देण्याविषयीचे आणि परस्परसाहाय्याचे करार, १९९४ चा अणुसुरक्षा करार, १९९७ चा वापरलेले इंधन व कचरा यांविषयीचा संयुक्त करार, हे सारे स्वीकारून देशी कायद्यात उतरवायचे असते. हे सर्व निविदेच्या आधी व्हायला हवे, कारण नियम कोणते लागू आहेत हे माहीत नसताना पुरवठादाराने दिलेली किंमत ही निव्वळ अंदाज असते.

वीजजाळे, पैसा, गुणवत्ता-तपासणी, कचरा यांपैकी कोणत्याही क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

पन्नासहर्ट्झ

कुतूहल, मांडणी उत्तम आहे. मी भारप्रेषण केंद्रात, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा यांचा क्षणोक्षणी मेळ राखणाऱ्या केंद्रात काम करतो, त्यामुळे या चर्चेत नेहमी मागे पडणाऱ्या वीजजाळ्याविषयी लिहितो.

सर्वसाधारण ठोकताळा असा की, कोणताही एक संच (भट्टी आणि तिच्यावर चालणारे जनित्र) जाळ्याच्या क्षमतेच्या सुमारे १० टक्क्यांपेक्षा मोठा नसावा. आज बाजारात सहज मिळणारे बहुतेक मोठे संच १,००० ते १,४०० मेगावॅटचे आहेत. १,२०० मेगावॅटचा संच घ्यायचा तर जाळे किमान १२,००० मेगावॅटचे हवे, आणि हा हिशेब वर्षातील सर्वोच्च मागणीवर करून भागत नाही. मागणी सर्वांत कमी असलेल्या रात्री काय होईल, ते पाहावे लागते.

अशा रात्री तो संच अचानक बंद पडला, तर नियंत्रणकक्षात काय दिसते ते सांगतो. समोरच्या पडद्यावर ५० हर्ट्झच्या आसपास डोलणारा वारंवारतेचा आकडा काही सेकंदांत घसरू लागतो. पहिले काही क्षण बाकीच्या जनित्रांची फिरती चाकेच तूट भरून काढतात, मग त्यांचे गतिनियामक वाफेचे आणि पाण्याचे झडप उघडतात. तेवढ्याने घसरण थांबली नाही, तर ठरावीक आकड्याखाली जाताच रिले (स्वयंचलित संरक्षक खटके) आपोआप फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, तोडू लागतात आणि शहरेच्या शहरे अंधारात जातात. तरीही नाही थांबली, तर इतर संच स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतात आणि सारे जाळे कोसळते. माणसाच्या हाताला येथे फारसे काही करता येत नाही. जे काही करायचे, ते राखीव क्षमता ठेवून आणि रिलेंची मांडणी करून आधीच करून ठेवलेले असावे लागते.

कोळशाच्या केंद्राच्या बाबतीत गोष्ट येथे संपते. अणुकेंद्राच्या बाबतीत नाही, कारण त्या केंद्राला स्वतःलाच जाळ्याकडून वीज हवी असते. भट्टी बंद केल्यावरही इंधनातील किरणोत्सारी द्रव्यांच्या क्षयामुळे उष्णता निघत राहते. १,००० मेगावॅट विजेच्या संचात सुमारे ३,००० मेगावॅट उष्णता तयार होत असते. भट्टी थांबल्याच्या क्षणी त्यातील सहा ते सात टक्के, म्हणजे जवळपास २०० मेगावॅट, शिल्लक असते आणि दिवसभरानंतरही ती १५ मेगावॅटच्या आसपास असते. ती काढून नेणारे पंप बाहेरच्या विजेवर चालतात. फुकुशिमात भूकंपाने बाहेरच्या वाहिन्या गेल्या, डिझेल जनित्रे सुरू झाली आणि पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळाने आलेल्या त्सुनामीने ती जनित्रे बुडवली. म्हणून केंद्राला वेगवेगळ्या मार्गांनी येणाऱ्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या किमान दोन वाहिन्या लागतात, आणि जेथे जाळे वारंवार कोसळते तेथे अणुकेंद्र उभारणे म्हणजे डिझेल जनित्रांवर नको तितका भरवसा ठेवणे होय.

बांगलादेशातील रूपपूर येथे एकूण २,४०० मेगावॅटचे दोन संच उभे राहत असताना, वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या पद्मा आणि जमुना या रुंद नद्यांपलीकडे नेण्याचे काम मागे पडले होते. अशा वाहिन्यांची जमीन, मनोरे, उपकेंद्रे यांना अनेक वर्षे लागतात, आणि त्यांचा खर्च भट्टीच्या कराराबाहेर असल्याने तो सुरुवातीच्या चर्चेत कोठेच दिसत नाही.

तटस्थ

कुतूहल यांच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. अमिरातीचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण त्या देशाकडे अनुभवी परदेशी तज्ज्ञ वेतन देऊन आणण्याइतका पैसा होता. सामान्य उत्पन्नाच्या देशाने काय करावे? दुसरे असे की, ज्या देशात भट्टीच नाही तेथे नियामक उभारून त्याने पाच-सात वर्षे काय करायचे? हाताला काम नसलेल्या संस्थेतील हुशार तरुण टिकत नाहीत. त्यापेक्षा करार आधी करून, पुरवठादार देशाच्या नियामकाकडूनच प्रशिक्षण घेत संस्था घडवणे अधिक व्यवहार्य नाही का? बांगलादेश आणि बेलारूस यांनी बऱ्याच अंशी तसेच केले आणि बेलारूसचा पहिला संच नोव्हेंबर २०२० मध्ये जाळ्याला जोडलाही गेला.

कुतूहल

तटस्थ, आपला आक्षेप वजनदार आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पुरवठादार देशाच्या नियामकाची मदत घेण्याला माझा विरोध नाही. त्याने आपल्या देशात त्याच प्रकारच्या भट्टीला परवाना देताना केलेला अभ्यास वापरणे शहाणपणाचेच आहे. अमिरातीनेही कोरियन नियामकाच्या अभ्यासाचा आधार घेतला होता. पण आधार घेणे वेगळे आणि निर्णयच त्याच्यावर सोपवणे वेगळे. मूळ भट्टीची जागा थंड हवेची असेल आणि नवी जागा उष्ण समुद्रकाठची असेल, तर थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान बदलते, उष्णताविनिमयकांचा आकार बदलतो, वाळूच्या वादळांत हवा गाळण्याची गरज उद्भवते. हे फरक ओळखून प्रश्न विचारणारी माणसे आपल्याच देशाची असावी लागतात, कारण उत्तराच्या परिणामांसह जगायचे आहे ते याच देशाला.

भट्टी नसताना नियामकाने काय करायचे, याचे उत्तर असे आहे की, बहुतेक सर्व देशांत रुग्णालयांतील किरणोपचार, कारखान्यांतील जोडकामाचे (वेल्डिंगचे) गॅमा-किरण चित्रण, तेलविहिरींतील मोजणी यांसाठी किरणोत्सारी स्रोत वापरले जातातच. त्यांच्या परवान्यांचे आणि तपासणीचे काम शिस्तीने करणारी संस्था हाच भावी नियामकाचा गाभा असतो. एखाद्या मोठ्या रुग्णालयाला त्रुटी दूर होईपर्यंत यंत्र बंद ठेवा असे सांगण्याची हिंमत जिच्यात आहे, तीच संस्था उद्या अब्जावधींच्या प्रकल्पाचे काँक्रीट ओतणे थांबवू शकेल. त्याखेरीज जागेच्या अभ्यासाचे परीक्षण, नियमावली तयार करणे, कर्मचाऱ्यांना दुसऱ्या देशांच्या नियामकांकडे तपासणीच्या कामावर पाठवणे, ही कामे करारापूर्वीच करायची असतात. भूकंप, पूर, वारे, भूजल यांची मोजणी वर्षानुवर्षे करावी लागते आणि ती करताना नियामकाने बाजूला उभे राहून शिकायचे असते.

बांगलादेशाच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवणे न्याय्य ठरेल. तेथे नियमनाचा कायदा २०१२ मध्ये झाला आणि प्राधिकरण २०१३ मध्ये स्थापन झाले, तर मुख्य करार डिसेंबर २०१५ चा आहे. म्हणजे क्रम तेथेही पाळला गेला होता. मात्र दोन-तीन वर्षे ही अशा संस्थेच्या बाळपणाची वर्षे असतात, आणि तेवढ्या वेळात ती पुरवठादारासमोर ताठ उभी राहील अशी अपेक्षा धरणे अवघड आहे.

जोडकाम

मी दाबपात्रे आणि नळजोडण्यांच्या गुणवत्ता-तपासणीत काम केले आहे. जाणकार ग्राहक म्हणजे नेमके काय, हे एका नळीच्या उदाहरणाने सांगतो.

पोलादी नळीचा एक तुकडा कामाच्या जागी येतो. त्यावर ठोकून उमटवलेला एक क्रमांक असतो. तो कोणत्या वितळणातून हे पोलाद आले ते सांगतो. तपासनीस तो क्रमांक वाचतो, सोबतच्या प्रमाणपत्रावरील क्रमांकाशी जुळवतो, त्यातील कार्बन, क्रोमियम, निकेल यांची टक्केवारी आणि ताणचाचणीचे आकडे मागणीपत्राशी ताडून पाहतो. नळी कापली तर कापलेल्या दोन्ही तुकड्यांवर तो क्रमांक पुन्हा उमटवावा लागतो, तोही कापण्यापूर्वी. जोड लावणाऱ्या कारागिराची पात्रता, वापरलेल्या कांडीची तुकडी, जोडाचे चित्रण, सारे त्या एका जोडाच्या नोंदीत बांधलेले असते. काही ठरावीक पायऱ्यांवर काम थांबवावेच लागते आणि मालकाच्या किंवा नियामकाच्या तपासनीसाची सही झाल्याखेरीज पुढे जाता येत नाही. या थांब्यांची यादी कराराच्या वेळीच ठरते. त्या वेळी मालकाकडे ही यादी वाचणारा माणूस नसेल, तर थांबे कमी लिहिले जातात आणि नंतर ते वाढवायचे म्हटले की वाढीव खर्चाचे बिल येते.

कागदावर विसंबून राहण्याचा धोका दक्षिण कोरियात दिसला. २०१२ आणि २०१३ मध्ये तेथे सुट्या भागांची बनावट प्रमाणपत्रे आणि नियंत्रण-केबलींच्या चाचण्यांचे खोटे अहवाल उघडकीस आले, काही भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या आणि शिन-कोरी येथे बांधकाम चालू असलेल्या संचांतील केबली बदलाव्या लागल्या. अमिरातीच्या बराका केंद्रासाठी नमुना मानलेला संच याच शिन-कोरीतील होता. दक्षिण कोरिया तेव्हा तीसहून अधिक वर्षे अणुकेंद्रे चालवत होता, तरीही असे घडले. म्हणून नव्या देशाने काही चाचण्या स्वतःच्या निवडीच्या प्रयोगशाळेत पुन्हा करून घेण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

व्याजदर

पैशाविषयी लिहितो. अणुवीज केंद्राच्या विजेच्या किमतीत इंधनाचा वाटा लहान असतो. मोठा वाटा उभारणीच्या भांडवलाचा आणि त्यावरील व्याजाचा असतो. म्हणून दोनच गोष्टी सर्वाधिक महत्त्वाच्या ठरतात, बांधकामाला लागणारा काळ आणि कर्जाचा दर.

साधा हिशेब पाहा. १०० रुपयांचे काम आहे, पैसे बांधकामाच्या काळात सारख्या गतीने उचलले आणि व्याज मुद्दलात मिळवत गेलो, तर ७ टक्के दराने सहा वर्षांत देणे सुमारे १२३ रुपये होते. तेच काम बारा वर्षे रेंगाळले तर देणे सुमारे १५४ रुपये होते, आणि यात महागाई किंवा वाढीव काम काहीच धरलेले नाही. उलट दर ३ टक्के असेल, तर बारा वर्षांच्या अखेरीसही देणे १२० च्या आसपास राहते. म्हणजे स्वस्त कर्ज सहा वर्षांचा विलंब पचवू शकते, आणि याच कारणाने पुरवठादार देशाचे सरकारी कर्ज इतके आकर्षक वाटते.

रूपपूरच्या सुमारे १२.६५ अब्ज डॉलरच्या खर्चापैकी ९० टक्के रशियाचे कर्ज आहे. इजिप्तच्या अल दबा केंद्रासाठी २५ अब्ज डॉलरपर्यंतचे रशियन कर्ज आहे. अक्कुयूत तर पुरवठादारच मालक आहे. तो उभारणार, चालवणार आणि ठरावीक विजेचा भाग पहिली १५ वर्षे युनिटमागे १२.३५ अमेरिकी सेंट दराने विकणार. या शेवटच्या रीतीत यजमान देशाला भांडवल उभारावे लागत नाही, पण केंद्र चालवण्याचे ज्ञान देशात किती मुरेल हा प्रश्न उघडा राहतो. शिवाय पुरवठादार देशावर निर्बंध आले, तर पैसे पाठवणेदेखील अवघड होते, हे २०२२ नंतर रशियन प्रकल्पांच्या बाबतीत दिसले आहे.

माझ्या मते कुतूहल यांच्या मुद्द्याला येथेही आधार मिळतो. नियामक कच्चा असेल तर परवान्याचे निर्णय लांबतात किंवा मागाहून बदलतात, आणि बांधकाम चालू असताना गेलेला प्रत्येक महिना व्याजाच्या रूपाने ग्राहकाच्या बिलात येतो. करारापूर्वी गेलेली वर्षे त्या मानाने फार स्वस्त असतात.

निळावंती

या साऱ्या चर्चेत लोक कोठे आहेत? ऑस्ट्रियाने झ्वेन्टेनडॉर्फ येथे केंद्र पूर्ण बांधले आणि मग ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सार्वमत घेतले. ५०.४७ टक्के लोकांनी नकार दिला आणि ते केंद्र एक दिवसही चालले नाही. फिलिपिन्समध्ये बतान येथे १९७६ मध्ये काम सुरू झाले. केंद्र जवळपास तयार झाले, परंतु हुकूमशहा मार्कोस यांची राजवट गेल्यावर आणि चेर्नोबिलची दुर्घटना घडल्यावर १९८६ मध्ये ते गुंडाळून ठेवण्यात आले. त्याचे कर्ज मात्र लोकांनी २००७ पर्यंत फेडले. व्हिएतनामने २००९ मध्ये मंजुरी दिली, शेकडो विद्यार्थी शिकायला रशियात पाठवले, नोव्हेंबर २०१६ मध्ये कार्यक्रम रद्द केला आणि २०२४ मध्ये पुन्हा हाती घेतला. मधल्या काळात त्या शिकून आलेल्या मुलांनी काय करायचे होते?

१९ विषयांच्या यादीत लोकांशी संवाद हा एक विषय म्हणून येतो. मला वाटते की, तो पहिल्या टप्प्यातच, जागा ठरण्यापूर्वी, व्हायला हवा. जागा जाहीर झाल्यावर जी सुरू होते ती समजूत घालण्याची मोहीम असते. संमती तिच्यातून मिळत नाही. ज्यांची जमीन जाणार, ज्यांची मासेमारी गरम पाणी सोडल्याने बदलणार, ज्यांना आपत्कालीन सरावात घरे सोडून बाहेर पडावे लागणार, त्यांना नाही म्हणण्याचा खरा अधिकार असेल तरच त्यांच्या होकाराला अर्थ आहे.

कुतूहल

निळावंती, आपला मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. मी एवढीच पुस्ती जोडतो की, हा संवाद प्रकल्पाच्या मालकाने करणे आणि नियामकाने करणे यांत फार फरक आहे. लोक मालकाच्या आश्वासनावर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांनी का ठेवावा? नियामकाचे तपासणी अहवाल पहिल्या दिवसापासून खुले असतील, त्यात त्रुटीही छापल्या जात असतील, तर विश्वासाला धरायला काहीतरी मिळते. सार्वमताबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. ते घ्यायचे असेल तर पहिल्या टप्प्याच्या अखेरीस घ्यावे. केंद्र उभे राहिल्यावर घेतलेले सार्वमत लोकांपुढे दोन्हीकडून नुकसानीचाच पर्याय ठेवते.

अंतस्तर

कचऱ्याबद्दल थोडे. १,००० मेगावॅटच्या संचातून वर्षाला साधारण २० ते ३० टन वापरलेले इंधन निघते. आकारमान फार नसते, पण कालावधी हजारो वर्षांचा असतो. फिनलंडने १९८३ मध्येच विल्हेवाटीचे वेळापत्रक आखले, १९९४ मध्ये कायदा बदलून आपला कचरा आपल्याच देशात ठेवण्याचे ठरवले, २००१ मध्ये तेथील संसदेने ओल्किलुओतोच्या खडकातील जागेला तत्त्वतः मान्यता दिली आणि तेथे सुमारे ४०० मीटर खोलीवर ओन्कालो नावाचे भांडार खोदले. त्याचा खर्च वीज विकतानाच वेगळ्या निधीत जमा होत आला आहे. वेळापत्रक ठरल्यापासून भांडार उभे राहीपर्यंत चार दशके गेली. नवा देश वापरलेले इंधन पुरवठादाराकडे परत पाठवण्याची तरतूद करू शकतो, परंतु पुनर्प्रक्रिया करून उरलेला कचरा परत येणार की नाही, हे त्या कराराच्या कलमांत नीट वाचावे लागते.

तटस्थ

कुतूहल यांचे उत्तर मला बरेचसे पटले. एक शंका उरते. लहान, कारखान्यात बनवून आणता येणाऱ्या अणुभट्ट्या आल्या, तर एवढी मोठी तयारी करावी लागेल का? लहान जाळ्याच्या देशांसाठी तोच मार्ग योग्य वाटतो.

पन्नासहर्ट्झ

तटस्थ, जाळ्याच्या दृष्टीने आपले म्हणणे बरोबर आहे. ३,००० मेगावॅटच्या जाळ्याला ३०० मेगावॅटचा संच पेलवतो, १,२०० चा पेलवत नाही. पण आज प्रत्यक्ष चालणारे नमुने मोजकेच आहेत. रशियाचे पेवेक बंदरातील तरंगते केंद्र मे २०२० पासून व्यापारी तत्त्वावर चालते आहे, आणि त्याचे दोन संच प्रत्येकी ३५ मेगावॅटचे आहेत. अमेरिकेत युटामधील वीजमंडळांच्या समूहासाठी आखलेला लहान भट्ट्यांचा प्रकल्प खर्च वाढल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. भट्टी लहान झाली म्हणून कायदा, नियामक, इंधनाचा हिशेब, कचरा यांपैकी एकही विषय यादीतून गळत नाही. नवख्या देशाच्या नियामकापुढे तर आणखी एक अडचण येते, कारण ज्याच्याकडून शिकायचे असा त्याच भट्टीचा अनुभवी नियामक जगात बहुधा कोठेच नसतो.

जोडकाम

अमिरातीविषयी एक भर घालतो, कारण तिचे उदाहरण येथे वारंवार आले. बराकाच्या पहिल्या संचाचे बांधकाम पूर्ण झाल्याचे मार्च २०१८ मध्ये जाहीर झाले. तरीही इंधन भरले गेले ते २०२० च्या मार्चपर्यंत, कारण संचालन करणाऱ्या कंपनीची आणि तिच्या कर्मचाऱ्यांची तयारी अजून पुरी झालेली नव्हती आणि नियामकाने संचालनाचा परवाना फेब्रुवारी २०२० पर्यंत दिला नाही. त्या ऑगस्टमध्ये संच जाळ्याला जोडला गेला. चौथा संच सप्टेंबर २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला आणि आता चारही मिळून देशाची सुमारे चतुर्थांश वीज देतात.

नियंत्रणकक्षातील चालक घडवायला वर्षे लागतात. खऱ्या कक्षाची हुबेहूब प्रतिकृती असलेल्या प्रशिक्षण-कक्षात त्याला नळी फुटणे, पंप थांबणे, बाहेरची वीज जाणे, असे प्रसंग पुन्हा पुन्हा हाताळावे लागतात, परीक्षा द्यावी लागते आणि नियामकाकडून व्यक्तिगत परवाना मिळवावा लागतो. पुरेसे परवानाधारक चालक नसतील, तर तयार भट्टीही थांबून राहते. म्हणून करारात प्रशिक्षण-कक्ष कधी मिळणार याची तारीख पहिले इंधन भरण्याच्या बऱ्याच आधीची असावी आणि ती चुकल्यास दंड असावा. माझ्या पाहण्यात हे कलम बहुतेक मसुद्यांत सर्वांत मागे, परिशिष्टात गेलेले असते आणि त्यावर वाटाघाटीला कोणी बसत नाही.

कुतूहल

जोडकाम, हे कलम मूळ लेखातील निविदेपूर्वीच्या कामांमध्ये जोडतो, आणि पन्नासहर्ट्झ यांनी सांगितलेला किमान मागणीच्या रात्रीचा अभ्यासही तेथेच जोडतो. अंतस्तर, इंधन परत पाठवण्याच्या कलमांवर आपण स्वतंत्र धागा काढावा, तो आवश्यक आहे. विशेषतः पुरवठादार देशाचा कायदा पुढे बदलला तर आधीच्या कराराचे काय होते, या मुद्द्यावर कायदा जाणणाऱ्या सदस्यांनी तेथे लिहावे.